मारोतराव ड्रेसरांची खुर्ची

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथले चार लोक मला फोन करून प्रेमानं जेवायला बोलावतील आणि ते जेवण माझ्या घशाखाली उतरणार नाही. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातलं एक मध्यम गाव, एवढं पुरे. वेशीवर सिमेंटची कमान आहे आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत 'तंटामुक्त गाव' असं लिहिलेलं आहे. तिथून जायची वेळ आली की मला मारोतराव ड्रेसर आठवतात आणि तोंड कडू होतं.

मी त्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. सगळं परभणीतच होतं. पदवी नुकतीच हातात पडलेली. पुस्तकातली गाय मला डोळे मिटून ओळखता यायची, दावणीची गाय मात्र लाथ मारायची. मारोतराव तिथले ड्रेसर. सरकारी कागदावर त्यांच्या पदाचं नाव व्रणोपचारक असं होतं, पण तो शब्द त्यांना स्वतःलाच धड म्हणता यायचा नाही. जखमा धुवायच्या, किडे काढायचे, औषध भरायचं, पट्टी बांधायची, हे त्यांचं काम. उंच, हाडकुळा माणूस. उजव्या हाताची बोटं पोटॅशच्या पाण्यानं कायमची तपकिरी झालेली. पोटॅशचे खडे ते कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत ठेवायचे आणि डबी सदऱ्याच्या खिशात. मुलीच्या लग्नातसुद्धा नव्या सदऱ्याच्या खिशात ती डबी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जनावराशी ते लाडानं बोलायचे. 'थांब माय, झालंच बघ' असं म्हणत म्हशीच्या कासेतलं गळू कधी फोडायचे ते म्हशीलाही कळायचं नाही. माणसाशी मात्र तुटक. कुणी सांगितलं की अमक्या-तमक्याचं भांडण मिटलं, की मारोतराव विचारायचे, 'वाळलं का नुसतं झाकलं?' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हे कुठल्या तरी बैलाबद्दल विचारताहेत.

गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर टेकडीच्या उताराला बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुख फिरलेले. नातवांच्या वाट्याला मुरमाड जमिनीचे तुकडे आलेले. गावाकडं काळी जमीन, विहिरी, सोसायटी, सगळं. दोघांच्या मधे एक नाला आणि चराईचा पट्टा. दरसाल तिथं काहीतरी व्हायचंच. तांड्याची गुरं शेतात शिरायची, गावातलं कुणीतरी विळा नाहीतर कुऱ्हाड चालवायचं, आणि दुसऱ्या दिवशी रक्तानं माखलेलं जनावर आमच्या दाराशी. पोलीस ठाणं लांब होतं, मारोतराव जवळ.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात असा एक बैल आला. मागच्या मांडीवर वीतभर चीर. मारोतरावांनी जखम धुतली, बोटानं तिची कड चाचपली. मी विचारल्यावर म्हणाले, घाव खालून वर गेलाय आणि डावीकडून. गावात डावखुरे तिघं. त्यातल्या एकाचंच शेत नाल्याला लागून. म्हटलं, मग पोलिसांना सांगू या.

'कोणत्या हातानं मारलं ते जखम सांगती, साहेब,' ते म्हणाले. 'काहून मारलं ते माणसानंच सांगावं लागतं.'

संध्याकाळी सायकल काढून ते त्या डावखुऱ्या खंडूच्या दारात गेले. आरोप नाही, चौकशी नाही. बैल लाथा मारून राहिलाय, पट्टी बदलायला धरणारा माणूस पाहिजे, चल, एवढंच म्हणाले. खंडूला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर का नाही, हा प्रश्न आलाच. पंधरा दिवस रोज सकाळी खंडू तांड्यात जाऊन त्याच बैलाचं डोकं छातीशी धरून उभा राहायचा. समोर बैलाचा मालक. जखमेत किडे झाले होते. मारोतराव चिमट्यानं एकेक किडा काढायचे, मुद्दाम सावकाश, आणि बैल थरथरला की तो थरकाप खंडूच्या अंगात जायचा. बाराव्या का तेराव्या दिवशी खंडू आपणहून बोलला, 'म्या मारलं.' मालकानं ऐकलं. मारोतरावांनी दोघांकडंही पाहिलं नाही, पट्टीची गाठ मारली आणि डबी खिशात टाकली. दंड नाही, पंचांची बैठक नाही, गळाभेट नाही. ज्यानं केलं त्यानं ज्याचं झालं त्याच्या दारात उभं राहून 'मी केलं' म्हणायचं, आणि निस्तरायला हात लावायचा. त्यांच्या लेखी न्याय म्हणजे एवढाच. पण त्यातला एकही भाग ते सोडायचे नाहीत.

हे वाचून मारोतराव फार प्रेमळ होते असं वाटेल. तसं काही नव्हतं. ते हट्टी होते, आणि लोकांना जड जायचे. एका उन्हाळ्याच्या शेवटी तांड्याच्या पाच गायी नाल्याकाठी एका दुपारी मेल्या. गावानं विष घातलं, अशी बोंब झाली. तासाभरात नाल्याच्या अलीकडं गावाच्या काठ्या आणि पलीकडं तांड्याच्या. मी म्हणालो, नमुने घेऊ, परभणीला पाठवू, अहवाल येऊ दे. मारोतराव म्हणाले, अहवाल यायच्या आत इथं माणसं मरतील. त्यांनी एक गाय नाल्याच्या पात्रात बरोबर मधोमध ओढत आणायला लावली, दोन्हीकडच्यांना दिसेल अशी, आणि मला म्हणाले, फाडा.

मी पोट उघडलं. आत ज्वारीचे हिरवेगार फुटवे गच्च भरलेले, रक्त लालभडक. वळवाच्या शिंतोड्यानं धसकटांना फुटलेली ती कोवळी ज्वारीच विषारी असते. अडाणी गुराख्यालाही हे ठाऊक असतं. मारोतरावांनी तो चोथा दोन्ही हातांत घेऊन आधी तांड्याला दाखवला, मग गावाला. तांड्याच्या नाईकाला त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायला लावलं की गायी आमच्याच माणसानं दुसऱ्याच्या शेतात सोडल्या होत्या. नाईक वयानं मोठा, मानी माणूस. त्याचा चेहरा काळवंडला, पण तो म्हणाला. मग मारोतराव गावाकडं वळले. 'बरं झालं मेल्या' असं मघाशी कोण ओरडलं होतं, त्यानं पुढं यावं आणि गायी पुरायला खड्डा खणावा. तो माणूस आला. खड्डा खणताना त्याच्या शेजारी तांड्याची माणसं खणत होती. काठ्या कधी खाली पडल्या ते कळलं नाही. त्या दिवशी मी मनातून मारोतरावांच्या पाया पडलो.

आठ दिवसांत तांड्यात कुजबुज झाली की मारोतराव गावाला विकला गेला, आणि गावात झाली की मारोतराव तांड्याचा झाला. मी चिडून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दोघं शिव्या देऊन राहिले म्हणजे औषध बराबर लागलं.

एवढा शहाणा माणूस स्वतःच्या सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलत नव्हता. बांधावरून. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. भावाच्या घरात खोकला आला तर यांच्या घरात ऐकू यायचा. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, तुमच्या दारात कोणाला धरून आणू? ते म्हणाले, 'ते येगळं हाये.' आणि दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. तेव्हा मला हसू आलं होतं. माणसाला आपल्या कामाची जागा ठाऊक असते, आपल्या कमजोरीची नसते. हे मला फार उशिरा समजलं.

माझी बदली झाली. मी आठेक वर्षं जिल्ह्याबाहेर होतो. परत आलो तो कळमनुरीच्या पंचायत समितीत, जीपवाला साहेब होऊन. मारोतराव निवृत्त झाले होते. त्याच सुमारास सरकारनं गावोगाव तंटामुक्तीच्या समित्या काढल्या होत्या. गावातले तंटे गावातच मिटवा, कोर्टातले खटले आपसात मागं घ्या, तंटा उरला नाही की गावाला बक्षीस. कल्पना वाईट नव्हती. मला तर वाटलं, मारोतराव आयुष्यभर सायकलवरून जे करत आले, तेच आता सरकारला सुचलं. गावानंही एकमुखानं त्यांनाच अध्यक्ष केलं. त्यांना ग्रामपंचायतीत खुर्ची मिळाली. हात असलेली, निळ्या गादीची.

ती खुर्ची त्यांना आवडली, हे मला लिहायलाच हवं. जन्मभर शेणात उकिडवं बसलेला माणूस. डॉक्टर खुर्चीत आणि ड्रेसर जमिनीवर, हे माझ्या दवाखान्यातही होतं आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. आता पाटील उठून त्यांना 'या अध्यक्षसाहेब' म्हणायचे. मी भेटायला गेलो तेव्हा ते खुर्चीच्या हातांवर तपकिरी बोटं पसरून बसले होते आणि समोर मिटलेल्या तंट्यांची यादी होती. मिटलेल्या, असा शब्द त्यांच्याच तोंडून आला.

मिटायचं असं एकच नाव उरलं होतं. तांड्यातला मोतीराम. दोन पावसाळ्यांपूर्वी नाल्याकाठी गायी चारताना पाटलांच्या मुलानं, बाळासाहेबानं, त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं होतं. गुडघ्याचा चुरा झाला. मोतीराम कायमचा खाटेवर. खटला तालुक्याच्या कोर्टात होता. पण गावात बाळासाहेबाच्या माणसांनी एक गोष्ट पसरवली होती: मोतीराम दारू पिऊन नाल्यात पडला आणि नाव आमच्यावर घातलं. मोतीरामनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याची बायको सक्रीबाई, वाळकी, पन्नाशीची, फार न बोलणारी. तिला गुडघ्यापेक्षा ही गोष्ट जास्त लागली होती.

बाळासाहेब तेव्हा उपसरपंच. बक्षिसाची मुदत जवळ आलेली. मारोतराव सक्रीबाईकडं गेले, मलाही घेऊन गेले. सरकारी माणूस बरोबर असला की बरं, म्हणाले. सक्रीबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिला काही नको होतं. एकच गोष्ट हवी होती.

'आधी त्याला येऊ द्या, मामा,' ती म्हणाली. 'सारा तांडा असताना ह्या दारात उभं राहून म्हणू द्या, मी मारलं म्हणून. मग अंगठा कुठं बी घ्या.'

हे तर मारोतरावांचंच होतं. शब्दन् शब्द त्यांचा होता. तांड्यानं दहा-पंधरा वर्षं त्यांच्याकडूनच शिकलेला. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खाली पाहत होते. पाटलांनी त्यांना सांगितलं होतं, पोरगं येईल, नक्की येईल, पण आधी तारखेच्या आत खटला निघू द्या, नाहीतर सगळ्या गावाची मेहनत वाया. आणि जखम धुतल्याशिवाय कधी टाका न घातलेला तो माणूस त्या दिवशी म्हणाला, 'मी जबान देतो, सक्री. पोळ्याच्या आत त्याला तुझ्या दारात उभा करतो.'

तिनं आत जाऊन नवऱ्याला काहीतरी तिच्या भाषेत विचारलं. बाहेर येऊन अंगठा दिला. मोतीरामचा खाटेवरच घेतला. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. माझी सही लफ्फेदार आहे, त्या कागदावर ती सगळ्यात ठळक दिसत होती. कोर्टात दोन्ही बाजूंनी आपसात मिटलं म्हणून सांगितलं, खटला संपला, गावाला बक्षीस मिळालं.

सत्काराला मी होतो. शाळेच्या पटांगणात मंडप, स्टेज, स्टेजवर ओळीनं खुर्च्या. मारोतराव मधोमध, फेटा बांधलेला. शेजारी बाळासाहेब. सक्रीबाईला साडी द्यायची म्हणून बोलावणं गेलं होतं, ती आली नव्हती. तांड्यातली इतर माणसं मागं उभी होती. भाषणात पाटलांनी गावाच्या एकजुटीचं कौतुक केलं आणि मग हसत हसत उदाहरण दिलं. आपला मोतीराम, म्हणाले, जरा जास्त झाली म्हणून नाल्यात पडला, गैरसमजातून गोष्ट कोर्टात गेली, पण मारोतरावांनी समजूत घातली आणि त्याच्या बायकोनं मोठ्या मनानं चूक कबूल केली. टाळ्या झाल्या. तांड्यातले लोक एकेक करून मंडपातून निघून गेले.

मी मारोतरावांकडं पाहत होतो. आता उठतील, आता माईक हातात घेतील. ज्या माणसानं दोन जमावांच्या मधे गाय फाडायला लावली होती, तो उठणारच. ते उठले नाहीत. हार गळ्यात, हात खुर्चीच्या हातांवर. मीही उठलो नाही. माझं काय, मी पाहुणा, असं मी स्वतःला सांगितलं. अशी वाक्यं माणसाला वेळेवर बरोबर सुचतात.

पोळा गेला. मारोतराव पाटलांच्या वाड्यावर जायचे. बाळासाहेब त्यांना चहा द्यायचा, पाया पडायचा, 'काका' म्हणायचा. नाही कधीच म्हणाला नाही. येऊ की, जरा सोयाबीन निघू द्या. जरा हरभरा पेरू द्या. जरा घरात लग्न आहे, ते होऊ द्या. शिवी दिली असती तर बरं, असं मारोतराव मला म्हणाले. शिवीला काहीतरी उत्तर असतं. एकदा ते ओसरीवरच बसून राहिले, सकाळपासून दुपारपर्यंत. तेव्हा वाड्यातल्यांनी त्यांना जेवायला वाढलं आणि डॉक्टरला दाखवून घ्या, उन्हाचा त्रास झालाय, असं त्यांच्या मुलाला कळवलं. पुढं गावात सगळेच म्हणू लागले, मारोतरावांचं वय झालं, भ्रमतात जरा. अध्यक्षपद दुसऱ्याला गेलं. तंटा मिटलेल्या गावात तंटा उकरणारा माणूस कोणाला हवा होता?

उन्हाळ्यात ते कळमनुरीला माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले, साहेब, तांड्यात सोडा मला, सायकल जमत नाही. मी मोटारसायकल काढली. सक्रीबाई दारात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. मोतीराम आत खाटेवर. मारोतराव बसले नाहीत. दारात उभं राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी सांगितलं. मी आधी कागद घेतला. त्याला आणायच्या आधी घेतला. स्टेजावर खोटं बोलले तेव्हा मी बसून राह्यलो. हे मी केलं.

मला वाटलं, आता तरी ही बाई रडेल, नाहीतर शिव्या देईल, काहीतरी होईल. सक्रीबाईनं हातातली काडी मोडली, ढिगावर टाकली.

'तुमचं ऐकलं, मामा,' ती म्हणाली. 'तुमचं झालं. त्याचं तसंच हाये न्हाई का? माझा घरवाला आजून बी दारूडाच हाये.' मग म्हणाली, 'माझा अंगठा तेवढा माघारी आणून द्या.'

मारोतरावांनी मान हलवली, जणू ती म्हणतेय ते अगदी सोपं काम आहे.

त्यानंतर आठवडाभरानं मी बैठकीला निघालो होतो. जीप कोर्टासमोर गर्दीत अडकली. व्हरांड्यात खिडकीपाशी मारोतराव उभे होते, धुतलेला सदरा, हातात घडी घातलेला अर्ज. मला कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलानं पुढं सांगितलं की ते रोज येत होते. कारकून भला माणूस होता. तो त्यांना समजावून सांगायचा की, मामा, निकाल झालेल्या खटल्यातला कागद परत मिळत नाही, नक्कल हवी तर देतो. मारोतराव म्हणायचे, नक्कल नको, तिनं दिला तोच पाहिजे. कशाला पाहिजे, असं विचारलं की सांगायचे, ज्याचा आहे त्याला द्यायचा आहे. व्हरांड्यातले लोक हसायचे.

त्या दिवशीही कोणीतरी हसत होतं. मारोतराव खिडकीत वाकून काहीतरी बोलत होते आणि आतला माणूस मान हलवत होता. ते बाजूला झाले, रांगेच्या शेवटी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून उभे राहिले. त्याच कागदावर, त्या दोन अंगठ्यांच्या खाली, माझी सही होती. ड्रायव्हरनं विचारलं, साहेब, उतरायचं का? मी म्हणालो, नको, बैठकीला उशीर होतोय.